सातवी ‘ब’मधला माणूस

“सापडली! खूण सापडली!”

मी एवढ्या जोरात ओरडले की पडद्यापलीकडे कुणाच्या तरी हातातला चहाचा मग खाली पडला. सिस्टर साळव्यांनी आधी त्या बेशुद्ध माणसाच्या पोटावर पांघरूण ओढलं आणि मग माझा दंड धरून मला पडद्याबाहेर काढलं.

“मथुरा, हे इस्पितळ आहे. तुझं वक्तृत्वस्पर्धेचं व्यासपीठ नव्हे.”

“पण सिस्टर, तुम्ही पाहिलंत ना? बेंबीच्या डाव्या अंगाला दोन काळे डाग! बिब्ब्याचे! त्याच्या आईनं हेच सांगून पाठवलंय. तोच आहे. महिपती जगदाळेच आहे तो!”

“काय झालं, व्याख्यानबाई?” कोपऱ्यातल्या खाटेवरून पलटणीतल्या तावडे हवालदारांनी विचारलं. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, पण तोंड शाबूत होतं, आणि साऱ्या वॉर्डाची करमणूक त्या तोंडावर चालायची.

मी धापा टाकत सांगितलं. खाली व्हरांड्यात या माणसाची बायको आली आहे. म्हणजे, हा तिचा नवरा असेल तर. सासू अंथरुणाला खिळलेली, ती येऊ शकली नाही. पण तिनं खूण सांगितली आहे. लहानपणी पोर दूध टाकायचं म्हणून तिनं बिब्बा तापवून पोटावर डाग दिले होते, आणि ते आहेत, मी आत्ता या डोळ्यांनी पाहिले.

तावड्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी सदरा वर केला.

त्यांच्या पोटावर तीन डाग होते. काळे, वाटाण्याएवढे.

“मीपण महिपती जगदाळे,” ते म्हणाले. “एक डाग जास्तीचा आहे, तो तिला वर देतो म्हणावं.”

शेजारच्या खाटेवरच्यानं सदरा वर केला. त्याच्या शेजारच्यानंही. खिडकीशी बसलेल्या, दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेल्या नाईकानं दुसऱ्याकडून स्वतःचा सदरा वर करवून घेतला. मिनिटभरात अख्खा वॉर्ड पोट उघडं टाकून बसला आणि प्रत्येक पोटावर बिब्बा होता. हसण्याचा असा गडगडाट झाला की खालून रखवालदार वर आला. सिस्टर साळव्यासुद्धा तोंड फिरवून हसल्या.

“पोरी,” तावडे डोळे पुसत म्हणाले, “रत्नागिरीपासून नगरापर्यंत ज्याच्या पोटावर बिब्बा नाही असं खेड्यातलं एक पोर दाखव, मी माझा उरलेला पाय देतो. कुठल्या आईला ही खूण सुचली?”

मी पण हसले. हसू ओसरल्यावर पडद्याच्या फटीतून त्या माणसाकडे पुन्हा पाहिलं. तेवढा एकटाच हसत नव्हता.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, मी चौदाची असतानाची. लढाई चालू होती आणि आमची भागीरथीबाई कन्याशाळा सरकारनं इस्पितळासाठी घेतली होती. काळ्या दगडाची दुमजली इमारत, टोकदार कमानी, लाल कौलं, आणि मधोमध घड्याळाचा मनोरा, ज्यात घड्याळ कधी बसलंच नाही, कारण बांधणाऱ्यांचे पैसे तिथवर येऊन संपले. आमची बाकं चिंचेखाली रचून ठेवली आणि आम्हाला पाठवलं सरकीच्या कारखान्याच्या गोदामात. तिथे हवेत इतका कापूस उडायचा की हजेरीला निम्म्या मुली शिंकून उत्तर द्यायच्या. दर शनिवारी मात्र मोठ्या मुलींची एक तुकडी जुन्या शाळेत यायची, पट्ट्या गुंडाळायला आणि जखमी शिपायांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला. वर्गांच्या दारांवरच्या पाट्या कुणी काढल्या नव्हत्या. त्यामुळे शिवणकामाच्या खोलीत, जिथं मला एक टाका धड घालता आला नाही, तिथं आता माणसं शिवली जायची. आणि भाजलेले, हातपाय गेलेले असे सगळे जण होते ‘इयत्ता सातवी ब’मध्ये. “मी तिसऱ्यांदा सातवीला बसलोय,” तावडे म्हणायचे, “डॉक्टर मेजरसाहेब पासच करत नाहीत.”

आणि मी! त्याच श्रावणात मी वक्तृत्वस्पर्धेत पहिली आले होते, मुलांच्या शाळांमधल्या भल्याभल्यांना हरवून. तोवर मागच्या बाकावर बसणारी, कुणी नाव विचारलं तरी पुस्तकात तोंड लपवणारी मुलगी. बक्षीस मिळालं आणि मला शोध लागला की आपण बोलायला लागलो की माणसं गप्प बसून ऐकतात. मग मी थांबेचना. घरी बोलायची, वाटेत बोलायची, वॉर्डात तर भाषणंच ठोकायची. जगातला कुठलाही प्रश्न नीट मांडला तर सुटतो अशी माझी खात्री झाली होती.

पडद्यामागचा माणूस हा असा प्रश्न होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आराकानात एक लष्करी ट्रक पेटला, त्यातून त्याला ओढून काढलं. तोंड, खांदे, दोन्ही हात भाजलेले. गळ्यातला नावाचा बिल्ला गेलेला, आणि तेव्हापासून शुद्ध आलीच नव्हती. त्या ट्रकमधले तिघं बेपत्ता होते, म्हणजे हा त्या तिघांतला एक. पहिल्याचा म्हातारा बाप येऊन गेला होता. “माझं पोरगं दाराच्या चौकटीला डोकं आपटतंय, एवढं उंच,” असं म्हणून खाटेची लांबी बघूनच परत फिरला. दुसरा रघुनाथ नावाचा, भरतीआधी गिरणी कामगार होता, त्याला बोलवायला कुणीच नव्हतं. तिसरा महिपती जगदाळे, माणदेशातल्या ढोकळवाडीचा. रघुनाथ की महिपती? दोनच पर्याय. मला वाटलं, याहून सोपं काय असतं!

तर त्या दिवशी, बिब्ब्याच्या खुणेचा फज्जा उडाल्यावर, मी जिना उतरून व्हरांड्यात आले. महिपतीची बायको हौसा भिंतीला पाठ लावून बसली होती. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी असेल. कपाळावर आडवं कुंकू, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, पदर नाकापर्यंत. शेजारी तिचा भाऊ गेनू, हातात मुंडासं काढून धरलेला.

“घावली का खूण?” त्यानं विचारलं.

“घावली, पण ती सगळ्यांनाच आहे. अख्ख्या वॉर्डाला.”

“तर काय,” हौसा पदराआडून म्हणाली. “ह्याच्या बी पोटावर हाय.” तिनं भावाकडे मान वळवली.

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“सासूबाईंनी सांगून धाडलेलं मी कसं मोडू?”

मी कपाळावर हात मारून घेतला. “बरं, खूण जाऊ दे. तू स्वतः वर चल. बायकोला नवरा ओळखता येणार नाही का? तोंड पट्टीखाली आहे, पण एक कान दिसतो, हनुवटी दिसते, केस दिसतात.”

गेनूनं मुंडासं या हातातून त्या हातात घेतलं.

“ताईसाब, तिनं कुठं बघितलंय त्यास्नी.”

“म्हणजे?”

“लगीन झालं तवा ही अकराची. म्होरं मुंडावळ्या, अंतरपाट, गर्दी. मग दाजी पलटणीत ग्येलं. ही नांदाया गेली तवा येकदा रजेवर आलं हुतं, पंधराएक दीस. त्येवढंच.”

“पंधरा दिवस एका घरात राहून तोंड बघितलं नाही?”

“दिसा कसं बघायचं?” हौसा म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. “सासू-सासरं बसल्यालं असायचं. मी चुलीम्होरं. त्ये आलं की मी मान खाली घालायची.”

“आणि रात्री?”

विचारल्यावर माझं मलाच कानकोंडं झालं, पण तिनं सरळ उत्तर दिलं.

“घासलेट कुठं मिळतंय आता. दिवा मालवूनच निजायचं.”

“गेनू, तू तरी?” मी भावाकडे वळले. “तू बघितलं असशील की.”

“लग्नात. हळदीनं पिवळं झाल्यालं. माझं सारं ध्यान जेवनाकडं हुतं, खोटं कशाला सांगू.”

“आणि तुझे सासरे?” मी हौसेला विचारलं.

“गेल्या साली गेलं.”

“मग तू काय बघितलंस त्याचं? काहीतरी बघितलं असशीलच!”

ती बराच वेळ विचार करत राहिली. तिला खरंच आठवायचं होतं.

“पाय,” ती म्हणाली. “मान खाली असायची न्हवं. पाय बघितल्यात.”

मी तिला जवळजवळ ओढतच वर नेलं. सातवी ‘ब’मध्ये शिरताच सगळे गप्प झाले. तावड्यांनी सदरा खाली ओढून गुंड्या लावल्या. सिस्टर साळव्यांनी पडदा सारला आणि पांघरूण पायाकडून वर उचललं. पाय भाजले नव्हते. हौसा खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसली आणि ते दोन पाय बघू लागली. तिनं त्यांना हात लावला नाही. परक्या पुरुषाचे असतील तर?

“सावळं हुतं,” ती स्वतःशीच म्हणाली. “आंगठा असाच, जरा बाहीर गेल्याला.”

“तोच आहे!” मी म्हणाले.

“पर टाचंला भेगा हुत्या. करंगळी जाईल एवढ्या. ह्ये लईच मऊ हायेत. पोरासारखं.”

“बाई, तीन महिने पाठीवर पडलाय तो,” सिस्टर म्हणाल्या. “जमिनीला टाच लागली नाही की भेगा भरतात. इथं पडून असलेल्यांचे पाय बघा, सगळे मऊ.”

हौसेनं वॉर्डात नजर फिरवली. जेवढे पाय होते तेवढे तिला दिसले.

“मग न्हाई सांगता येत,” ती म्हणाली.

तेवढ्यात मेजरसाहेब आले. साहेब मद्रासी होते, त्यांना मराठी कळायची नाही. त्यांनी नाडी पाहिली, सिस्टरांशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले आणि पुढच्या वॉर्डात गेले. मला इंग्रजी कळत होतं. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

“काय म्हनलं डागदर?” गेनूनं विचारलं.

सिस्टर साळवे नगरकडच्या ख्रिस्ती होत्या. गोल गोल बोलायची त्यांना सवय नव्हती. “विष रक्तात गेलंय. आता उपाय नाही. आजची रात्र काढेल, उद्याचं सांगता येत नाही.”

“आनि मंग?”

“नाव कळलं तर नावानं अंत्यविधी होईल, घरच्यांना कागद जाईल. नाही कळलं तर बेनाव.”

हौसा उठून उभी राहिली. “बेनाव म्हंजे?”

सिस्टर पांघरूण सारखं करू लागल्या. तावडेच शेवटी म्हणाले, “कुणाचाच नाही असं, पोरी.”

मला अशा गप्प गप्प वेळा सहन व्हायच्या नाहीत. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “अहो, हाक मारून बघू या की! तोंड भाजलंय, कान कुठे गेलेत? माणूस झोपेतसुद्धा स्वतःच्या नावाला हुंकार देतो. महिपती म्हणून हाक मारायची. त्यानं काही केलं, बोट हलवलं, मान हलवली, तर महिपती. नाहीतर रघुनाथ.”

सिस्टरांनी मान हलवली, पण हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. मी ती परवानगी धरली. उशाशी वाकले. औषधाचा आणि भाजलेल्या कातडीचा वास नाकात गेला, तरी वाकले.

“महिपती! अहो महिपतीराव!”

काही नाही. छाती वरखाली होत होती, तेवढीच.

“महिपती जगदाळे! ढोकळवाडीचे!”

मग मी रघुनाथ म्हणूनही हाक मारली, न्यायाला न्याय म्हणून. त्यालाही काही नाही. सिस्टरांनी मारली, तावड्यांनी परेडवर मारतात तशी दणदणीत मारली, गेनूनं ‘दाजी’ म्हणून मारली. छाती तेवढी वरखाली.

“आमच्या हाका तो कशाला ओळखेल?” मी म्हणाले. “आम्ही सगळे परके. हौसा, तू मार.”

हौसा दोन पावलं मागे सरकली.

“मी न्हाई.”

“का?”

“त्यांचं नाव मी कसं घेऊ?”

“अगं, इथं जीव चाललाय आणि तू नाव घ्यायला लाजतेस?”

“लाजाया काय झालं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “नाव घेतलं की त्यांचं आयुक्ष कमी हुतं. तुमास्नी ठावं न्हाई? तुमची आई घेती का तुमच्या वडलांचं?”

आई घेत नव्हती. तरी मी मागे हटते थोडीच! मी तिथंच, दोन खाटांच्या मध्ये उभी राहून भाषण केलं. नावानं आयुष्य कमी होत असतं तर हजेरी घेणाऱ्या मास्तरांनी किती मुलं मारली असती, पलटणीत रोज नावं पुकारतात, पोस्टमन गावभर नावं घेत फिरतो. चांगलं भाषण होतं. तावडेसुद्धा ‘वा’ म्हणाले. हौसा सगळं ऐकत राहिली.

“नाव घेनाऱ्यांत त्यांची बायकू कुनी हाय का?” एवढंच तिनं विचारलं.

“मथुरा, पुरे,” सिस्टर म्हणाल्या.

हौसा पायथ्याशी पुन्हा बसली. कुणीतरी तिला चहा दिला, तो तिनं पदराआड तोंड करून प्यायला. दुपार कलत चालली होती. आमच्या तुकडीतल्या बाकीच्या मुली जिन्यावरून हाका मारत खाली गेल्या, मी गेले नाही. पट्ट्यांची टोपली घेऊन हौसेजवळ जमिनीवर बसले आणि पट्ट्या गुंडाळू लागले. बघता बघता तिनंही एक घेतली. तिची माझ्यापेक्षा घट्ट आणि सारखी व्हायची.

“तुझ्याशी बोलायचे का ते?” मी हळूच विचारलं.

“पानी दे म्हनायचं. दार लाव म्हनायचं.” तिनं पट्टीचं टोक आत खोचलं. “येकदा म्हनलं, हौसे, भ्या वाटतं का.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय न्हाई म्हनलं. बोलायचीच न्हाई मी. वाटलं, पुढल्या रजंला बोलू.”

पडद्याआड श्वासाची घरघर वाढली होती. हौसेच्या हातातली पट्टी थांबली.

“शिस्टरबाई,” तिनं विचारलं, “रात काढत्याल म्हनला हुता न्हवं तुमी?”

“काढेल.”

“ह्ये माझं असलं, आनि मी काय न बोलताच ग्येलं, तर? रजंची वाट कुनी बघायची मंग?”

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पडदा बाजूला केला. शपथेवर सांगते, त्या वेळी मी एक अक्षर बोलले नाही.

हौसा उशाशी गेली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला, इतका की त्याचं डोकं आणि तिचं डोकं दोन्ही त्या पदराच्या सावलीत आली, अंधारात बसल्यासारखी. मग ती त्याच्या उघड्या कानाशी बोलली. मी हातभरावर होते म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर आलं नसतं.

“महिपती,” ती म्हणाली. मग जराशानं, “भ्या वाटतंय का?”

घरघर थांबली. त्याच्या तोंडावरची पट्टी आत ओढली गेली आणि बाहेर आली. ओठ हलले असतील. श्वास अडकला असेल. मी इतक्या जवळ होते, तरी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पुन्हा एकदा पट्टी आत गेली. बाहेर आली ती हळू, फार हळू. मग हललीच नाही.

सिस्टर धावल्या. मनगट धरलं, छातीला कान लावला. मेजरसाहेबांना बोलावलं, ते आले, बघितलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि गेले. पाच मिनिटं झाली असतील नसतील.

हौसा भिंतीला चिकटून उभी होती. दोन्ही हात तोंडावर.

“माझंच हुतं,” ती म्हणाली.

“हौसा—”

“माझंच हुतं. मी नाव घेतलं आनि ग्येलं.”

“नाही गं!” मी तिचे हात धरले. बांगड्या माझ्या बोटांना रुतल्या. “तसं काही नसतं. त्याच्या रक्तात विष गेलं होतं. तो आज ना उद्या जाणारच होता, डॉक्टरांनी सांगितलंय!”

“रात काढनार म्हनलं हुतं. वाईच राह्यलं हुतं त्ये बी मी घेतलं.”

“अगं तू नाव घेतलंस म्हणून तो गेला, हे खरं नाही. मी सांगते ना. नावाचा आणि मरण्याचा काडीचा संबंध नाही. मीसुद्धा महिपती म्हणाले होते, तेव्हा काय झालं?”

“तुमी त्यांची बायकू न्हाई.”

“पण तूसुद्धा कदाचित—”

आणि मी तिथंच थांबले, कारण ते वाक्य पुढे कुठे जातं ते मला दिसलं.

हौसेलाही दिसलं. तिनं पदर मागे सारला. मी तिचं तोंड प्रथमच पुरतं पाहिलं, गोल, लहान मुलीसारखं, आणि ते माझ्याकडे टक लावून बघत होतं. राग नव्हता त्यात. तिला खरंच उत्तर हवं होतं.

“मी बायकू न्हाई म्हना. ह्ये मी नाव घेतल्यानं ग्येलं न्हाईत म्हना,” ती म्हणाली. “मंग माझं कुठं हायेत, ताई? त्ये सांगा. घरी जाऊन मी काय करू, कुंकू लावून बसू? किती वरसं? आनि ह्ये कुनाचं, ज्याला मी त्यांच्या नावानं हाक मारली?”

गेनू माझ्याकडे बघत होता, तावडे बघत होते, सिस्टर बघत होत्या. मी एवढी बोलणारी. दोन बाजू होत्या, दोन्ही मला मांडता येत होत्या. मी जिंकले तर ती बिनउत्तराची घरी जाणार, आणि तो मेलेला माणूस पुन्हा कुणाचाच नाही. हरले तर ती सोळाव्या वर्षी विधवा.

लढाई संपली, आम्हाला शाळा परत मिळाली, सातवी ‘ब’मध्ये पुन्हा सातवी ‘ब’ बसते. मी आता मॅट्रिकला आहे. त्या ट्रकमधलं कुणी परत आल्याचं ऐकलेलं नाही. महिपतीही नाही, रघुनाथही नाही. तो कोण होता, हे आजवर कुणालाही कळलेलं नाही.

त्या दिवशी हौसेनं माझ्या उत्तराची वाट फार वेळ पाहिली नाही. तिनं दोन्ही मनगटं वर उचलली आणि लोखंडी खाटेच्या दांडीकडे नेली. सिस्टरांनी ती मधेच धरली.

“इथं नको, बाई,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “इथं काच नको. माझी माणसं अनवाणी चालतात.”

हौसेनं खाली फरशीकडे बघितलं. मग मान डोलावली, अगदी शहाण्यासारखी, आणि हात पदरात गुंडाळून घेतले. तावड्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सिस्टरांनी टेबलावरून पुठ्ठ्याची चिठ्ठी घेतली, मृताच्या अंगठ्याला बांधतात ती. पेन्सिल ओली केली. गेनूकडे पाहिलं.

“काय लिहू?”

गेनूनं घसा साफ केला. “लिवा, महि—”

“तू गप,” हौसा म्हणाली. “मी सांगती. आता मला घ्याया काय हरकत हाय.”

आणि तिनं सांगितलं. मान वर करून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट.

“महिपती रावजी जगदाळे. ढोकळवाडी.”

सिस्टर लिहू लागल्या. हौसेला वाचता येत नव्हतं, तरी ती त्या पेन्सिलीवरून नजर हलवेना. पेन्सिल थांबली तेव्हा तिनं विचारलं, “झालं लिवून?”

“झालं.”

“समदं बसलं का?”

“बसलं.”

“मंग पुन्यांदा वाचा,” हौसा म्हणाली. “जोरात वाचा. मला ऐकू द्या.”